भूमीचें संचित

झाड लावणें हें पुण्यकर्म आहे, याविषयीं आमच्या समाजांत कधींहि दुमत नव्हतें. विहीर बांधणारा, वाटेवर वड लावणारा आणि अन्नछत्र घालणारा हे तिघे एकाच पंक्तीला बसत आले आहेत. परंतु पुण्यकर्म फार सुलभ झालें म्हणजे त्याचा उपयोग पापाच्या वजाबाकीकडे होऊं लागतो, हाहि जुनाच अनुभव आहे. आज सरकारें, कारखाने, नगरपालिका व शाळा अशीं सर्वच मंडळी वृक्षारोपण करतात. त्यांतील पुष्कळांचा हेतु शुद्ध असतो, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण त्याच वृक्षारोपणाला आतां हिशेबाच्या वहींत जागा मिळाली आहे. एका ठिकाणचें वन तोडावयाचें, दुसऱ्या ठिकाणीं जमीन घेऊन तींत रोपें लावावयाचीं, आणि खातें मिटलें असें समजावयाचें, ही रीत आपल्या देशांत 1980 च्या वनसंरक्षणाच्या कायद्याखालीं रूढ झाली, व 2016 च्या प्रतिपूरक वनीकरण निधीच्या कायद्यानें तिला स्वतंत्र तिजोरीहि लाभली. तेव्हां विचारी मनुष्यास असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं कीं, वनाची भरपाई वनानें होते काय? गेलेल्या वस्तूच्या जागीं तशीच वस्तु ठेवली म्हणजे गेलेली वस्तु परत आली, असें म्हणतां येईल काय? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे खरा. पण त्याचें उत्तर शोधण्यासाठीं वाचकांस आम्ही फ्रान्समधील एका अरण्यांत नेणार आहों, आणि तेथेंहि झाडांच्या शेंड्यांकडे न पाहतां त्यांच्या मुळांशीं बसविणार आहों.

फ्रान्सच्या मध्यभागीं आलिये प्रांतांत त्रोंसे नांवाचें ओकवृक्षांचें अरण्य आहे. विस्तार सुमारें साडेदहा हजार हेक्टर. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें 1669 सालीं सर्व फ्रान्समधील वनांविषयीं जो प्रसिद्ध हुकूमनामा काढला, त्यानंतर त्रोंसेच्या उजाड झालेल्या रानाची व्यवस्था लागली. हेतु अगदीं व्यवहारी होता. इंग्रज व डच यांच्याशीं टक्कर द्यावयाची तर आरमार हवें. आरमाराला लांब व सरळ लांकूड हवें. आणि असा ओक तयार होण्यास दीडदोनशें वर्षें लागतात. नातवाच्या नातवासाठीं झाड राखणाऱ्या या मंत्र्याचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. पण झाडें तयार झालीं तेव्हां लढाऊ जहाजें लोखंडाचीं होऊं लागलीं होतीं, व ज्या लांकडांतून तोफांचीं तारवें घडावयाचीं त्यांतून द्राक्षमद्याचीं पिंपें घडलीं. तीं अजूनहि घडतात, आणि मद्याचे जाणकार त्यांची वाखाणणी करतात. दूरदृष्टीची अशी थट्टा इतिहास वारंवार करतो. असो.

आज त्या अरण्यांत शिरणाऱ्यास तें अनादि वाटतें. तीस-पस्तीस मीटर उंचीचे सरळ ओक, खालीं शतकांच्या पाचोळ्याची गादी, वर पानांतून गाळून येणारा उजेड. मनुष्याचा हात येथें कधीं लागला असेल असें मनांतहि येत नाहीं. पण याच ओकांच्या मुळांखालीं जागोजाग कौलांचे तुकडे व घरांचे पाये सांपडतात. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत येथें रोमन सत्तेखालील गॉल लोकांचीं घरें होतीं, शेतें होतीं, गुरें होतीं. पुढें वस्ती उठली, रान माजलें, आणि येथें कधीं गांवें होतीं याची आठवणहि लोकांत उरली नाहीं. दांब्रीन, द्युपुए व त्यांचे सहकारी या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं या जुन्या वस्त्यांच्या भोंवतालची माती व वनस्पति यांची मोजदाद केली व ती 2007 सालीं प्रसिद्ध केली. पडक्या घरांकडे जसजसें जावें तसतशी माती कमी आम्ल होत जाते, तींत स्फुरद व नत्र यांचें प्रमाण वाढत जातें, आणि जमिनीलगत उगवणाऱ्या वनस्पतींच्या जातीहि वाढत जातात, असें त्यांस आढळलें. ईशान्य फ्रान्समधील दुसऱ्या एका अरण्याविषयीं याच मंडळीचा निबंध 2002 सालीं निघाला होता. तेथें रोमन काळीं उणीपुरी दोनशें वर्षेंच शेती झाली होती. पण तिचा ठसा त्यानंतरच्या सतरा-अठराशें वर्षांत पुसला गेला नव्हता, आणि निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं या परिणामाला अपरिवर्तनीय असें विशेषण लावलें.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाचा शोध 2009 सालचा आहे. त्रोंसेच्या ओकांच्या मुळांवर वाढणाऱ्या कवकांची तपासणी झाली. ओक सर्वत्र एकाच जातीचा, पाऊस तोच, ऊन तेंच, वनपालांची देखरेख तीच. तरीहि जेथें रोमन वस्ती होती तेथील ओकांच्या मुळांवरचा कवकांचा समाज आणि जेथें वस्ती नव्हती तेथील समाज हे रचनेनें निराळे आढळले. ज्या शेतकऱ्याची भाषा मेली, ज्याचे देव गेले, ज्याच्या साम्राज्याचा डोलारा कोसळला, त्यानें आपल्या परड्यांत टाकलेल्या शेणाराखेचा निर्णय आजच्या ओकाच्या मुळाशीं अजून चालूं आहे.

येथें कवकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण पावसाळ्यांत उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री आणि लोणच्यावरची बुरशी यांपलीकडे या सृष्टीशीं आपला परिचय फारसा नसतो. छत्री हें केवळ फळ होय. खरें कवक जमिनीखालीं केसाहून बारीक अशा तंतूंच्या रूपानें पसरलेलें असतें. हे तंतु झाडांच्या कोंवळ्या मुळ्यांना वेढतात किंवा त्यांच्या आंत शिरतात, व तेथें देवघेव चालते: कवक मातींतील स्फुरद, नत्र व पाणी आणून देतें, आणि झाड पानांत तयार केलेली साखर त्याच्या पदरांत घालतें. प्रशियाच्या सरकारास ट्रफल नांवाच्या महाग अळंब्याची लागवड करतां येईल काय, हें पाहावयाचें होतें. त्यानें तें काम आल्बेर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोंपविलें. ट्रफलची लागवड बाजूस राहिली, पण 1885 सालीं फ्रांकनें या संयोगाला ‘मायकोऱ्हायझा’, म्हणजे कवकमूळ, हें नांव दिलें आणि तें शास्त्रांत कायम झालें. ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडांतील रायनी येथील सुमारें चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या पाषाणांत आदिम वनस्पतींच्या पेशींमध्यें असेच तंतु दगड होऊन राहिले आहेत. ओक, पाइन, भूर्ज, साल यांच्या मुळांना कवकांची बाहेरून म्यान बसते. आंबा, साग, ज्वारी व बहुसंख्य इतर वनस्पति यांच्या मुळांत दुसऱ्या जातीचीं कवकें आंत राहतात. मोहरी व कोबी यांचें कुळ मात्र असें कीं त्याला हा शेजार बहुधा मानवत नाहीं.

या शास्त्राचा मराठी वाचकाशीं अगदींच संबंध नाहीं असें नाहीं. इंदूर येथें 1924 पासून 1931 पर्यंत काम करणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनीं कंपोस्ट खताची जी ‘इंदूर पद्धति’ जगापुढें मांडली, तिच्यावरील 1931 च्या ग्रंथावर त्यांच्या नांवाबरोबर यशवंत वाड यांचेंहि नांव आहे. पुढें इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील वेअरहॅम येथें मेबल रेनर या बाईंनीं माळरानावर खुरटलेल्या पाइनच्या रोपांवर कवकमूळांचे प्रयोग केले; ते पाहून हॉवर्ड यांनीं 1940 सालच्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथांत कवकांना जमीन व पीक यांमधील जिवंत दुव्याचा मान दिला. त्यांचीं सर्वच अनुमानें पुढील संशोधनास मान्य झालीं नाहींत. उत्साहाच्या भरांत ते पुराव्याच्या पुढें धांवले. परंतु मातीला निव्वळ भुकटी समजूं नका, हा त्यांचा आग्रह योग्यच होता.

आतां शेताचा ठसा इतका दीर्घकाळ टिकतो कसा? नांगर तंतूंचें जाळें तोडतो, हें उघडच आहे. पण नांगर थांबल्यावर तें जाळें पुन्हां विणलें जाऊं शकतें. स्फुरदाची गोष्ट वेगळी. नत्र वाऱ्यावर उडून जातें, पाण्याबरोबर वाहून जातें. स्फुरद मात्र मातींतील चुना, लोह व ॲल्युमिनियम यांना चिकटून जागचा हलत नाहीं. शेण, राख, हाडें, माणसांचा व गुरांचा मळ यांतून तो एकदां सांचला कीं शतकानुशतकें तेथेंच. आणि ज्या झाडाला स्फुरद आयता मिळतो त्याला तो आणून देणाऱ्या कवकाची गरज उरत नाहीं. तें साखरेचा हात आंखडता घेतें. मग चिवट व कष्टाळू कवकें मागें पडतात आणि सुबत्तेंत निभावणारीं दुसरीं पुढें येतात. (श्रीमंत घरांतील जुन्या नोकरांची कथा वाचकांस आठवली तर तो दोष आमचा नव्हे.) शिवाय शेतांत जीं पिकें होतात त्यांची कवकें निराळ्या जातीचीं, ओकाचीं कवकें त्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या उपाशीं राहून नाहींशीं झालेलीं असतात. शेत पडीक पडून तेथें ओक आला, तरी त्याचे सोबती शेजारच्या रानांतून वाऱ्यानें, तंतूनें किंवा रानडुकरांच्या पोटांतून यावे लागतात. शेजारीं जुनें रानच नसेल तर कोठून येणार?

लावलेलीं झाडेंहि आपल्या परीनें माती घडवितात, हें येथेंच सांगितलें पाहिजे. नाहींतर आम्ही पूर्वकर्माच्या बाजूनें पक्षपात करतों असें होईल. झाडाची जात बदलली कीं पाचोळा बदलतो, आम्लता बदलते, मुळांचे भागीदार बदलतात. न्यूझीलंडांत रोटोरुआ येथें रूथ गाडगीळ व पी. डी. गाडगीळ (हें आडनांव आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं) यांनीं पाइनच्या लागवडींत एक साधा प्रयोग केला व तो 1971 सालीं प्रसिद्ध केला. कांहीं जागीं झाडांचीं जिवंत मुळें व त्यांवरील कवकें येऊं दिलीं नाहींत, तों तेथील पाचोळा अधिक जलद कुजला. म्हणजे मुळांवरचीं कवकें पाचोळा कुजविणाऱ्या इतर जीवांना मागें रेटीत होतीं. याला शास्त्रांत ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात. तो सर्वत्र सारखाच दिसतो असें नाहीं. पण झाडाबरोबर आपण जमिनीखालीं एक सबंध कारभार बदलत असतों, हें त्यावरून ध्यानांत यावें. रोपवाटिकेंत भरपूर खतावर वाढविलेलें रोप पुष्कळदां आपलीं कवकें न घेतांच, किंवा वाटिकेंतलींच एकदोन सवयीचीं कवकें घेऊन, नव्या जागीं जातें. बालपणींच्या पोषणाचें हें मोल तें पुढें किती वर्षें देत राहतें, हें लावणारा पाहावयास क्वचितच थांबतो.

प्वेर्तो रिको बेटांत असेंच झालें. तेथें पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षें फसत होते. रोपें उगवत, पिंवळीं पडत, मरत. माती वाईट नव्हती, पाऊस भरपूर होता. 1955 सालीं उत्तर कॅरोलायनांतील पाइनच्या रानाची थोडी माती आणून रोपांच्या मुळांशीं घातली, आणि झाडें वाढूं लागलीं. आमच्या गृहिणींस या गोष्टींत नवल वाटण्याचें कारण नाहीं. दूध कितीहि निर्भेळ असो, भांडें कितीहि घासलेलें असो, विरजण नसेल तर दहीं लागत नाहीं. नेदरलंडांत या विरजणाचा फार उद्बोधक प्रयोग झाला. शेतीखालून काढलेल्या जमिनीचा वरचा थर खरडून टाकला व त्यावर कांहीं पट्ट्यांत गवताळ रानाची, कांहींत झुडुपी माळाची माती, एक सेंटिमीटरहि जाड नव्हे इतकी, पसरली. सहा वर्षांनीं पाहिलें तों जी माती आणली होती तिच्या मूळ रानाकडे त्या त्या पट्ट्याची वनस्पति झुकलेली दिसली. 2016 सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांत मोठी आशा आहे. पण तिच्या पोटांतच एक इशाराहि आहे. विरजण कोठून तरी आणावें लागतें. ज्या घरांत तें जपून ठेवलें आहे तें घरच पाडलें, तर पुढें वाटीभर विरजण मागावयास कोणाच्या दारीं जाणार?

आणि विरजण चुकीचें पडलें तर तें काढतांहि येत नाहीं. आर्जेंटिनांतील नावेल वापी सरोवरांत इस्ला व्हिक्टोरिया नांवाचें बेट आहे. तेथें परदेशीं पाइन व फर जातीचीं झाडें शंभर वर्षांपूर्वीं हौसेनें लावलीं. लागवडीबाहेर तीं फारशीं पसरलीं नाहींत, याचें एक कारण असें निघालें कीं त्यांचीं कवकें लागवडीपासून दूर मातींत नव्हतीं. पण माणसानेंच आणलेलीं हरणें व रानडुकरें तीं परकीं कवकें आपल्या विष्ठेंतून दूर नेत आहेत, हें पुढें सिद्ध झालें. युरोपांतील ‘डेथ कॅप’ हें प्राणघातक अळंबें याच वाटेनें, झाडांच्या मुळांना लागून, कॅलिफोर्नियांत उतरलें व आतां तेथील देशी ओकांच्या मुळांशीं सुखानें नांदत आहे. झाड लावणाऱ्यांच्या मनांत यांतलें कांहीं नव्हतें. हेतूची शुद्धता ही कर्त्याच्या आत्म्यास उपयोगी पडत असेल. मातीला तिची ओळख नाहीं.

कवकांविषयीं बोलतांना दुसऱ्या टोंकाला जाण्याचाहि मोह होतो, त्यापासून आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. कॅनडांतील सुझान सिमार्ड यांनीं 1997 सालीं एका झाडांतील कर्ब दुसऱ्या झाडांत जातो असें दाखविलें. त्यावरून झाडें कवकांच्या द्वारें एकमेकांस निरोप पाठवितात, मायवृक्ष लेंकरांना दूध पाजतात, अशीं रम्य वर्णनें जगभर झालीं. या वर्णनांना प्रत्यक्ष वनांतील पुरावा फार तोकडा आहे, असें 2023 सालीं कार्स्ट, जोन्स व होक्सिमा या तीन संशोधकांनीं साधार दाखवून दिलें. निसर्गांत आपल्याच सद्गुणांचें प्रतिबिंब पाहणें ही कवीची मुभा आहे. पण ज्याला निसर्गाशीं न्यायानें वागावयाचें आहे त्यानें तो आपल्यासारखा नाहीं, हें आधीं ओळखलें पाहिजे. कवक परोपकारी नाहीं, आणि कृतघ्नहि नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ऑस्ट्रेलियांतील तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यानें 1982 सालीं एक निबंध लिहून असा पक्ष मांडला कीं, खाणवाल्यांनीं उकरलेली भूमि नंतर हुबेहूब पूर्ववत् केली, तरी ती अस्सल चित्राच्या नकलेसारखी होय. कारण वस्तूचें मोल तिच्या रूपांत जितकें असतें तितकेंच तिच्या उत्पत्तींतहि असतें. हा विचार आम्हांस अर्धा पटतो. हिशेबी माणूस म्हणतो, झाडाला झाड, हेक्टराला हेक्टर. त्याला एलियटचें उत्तर चोख आहे. पण एलियटच्या उपमेंत चित्र एकदां पुरें झालें कीं पुरें झालें; वन कधींच पुरें होत नाहीं. त्रोंसेचें अस्सल रूप कोणतें म्हणावें? रोमनांपूर्वींचें? कोल्बेरच्या हुकुमानंतरचें? त्या जागेंत शेतकऱ्याचा हात आहे, सरदाराची कुऱ्हाड आहे, मंत्र्याची आज्ञा आहे. आणि जेथें माणसाचा हात सर्वांत जास्त लागला तेथेंच आज वनस्पतींच्या जाती अधिक आहेत! तेव्हां भूतकाळाचा प्रत्येक ठसा म्हणजे डाग, ही समजूत टाकली पाहिजे. ठसा वाईट कीं चांगला, हा पुढचा प्रश्न. तो पुसतां येत नाहीं, हा पहिला.

आमच्या मतें या गुंत्यांत आमच्या जुन्या धर्मशास्त्राची एक सूक्ष्म दृष्टि उपयोगी पडते. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रायश्चित्ताचा विचार करतांना असा भेद केला आहे कीं, अजाणतां घडलेलें पाप प्रायश्चित्तानें जातें. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतींत मात्र प्रायश्चित्तानें मनुष्य व्यवहारास योग्य होतो, एवढेंच. लोकांनीं त्याच्याशीं बोलावें, त्याच्या पंक्तीस बसावें, इतका अधिकार त्याला परत मिळतो. यावर टीकाकारांनीं पुष्कळ खल केला आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं. पण भेद मार्मिक आहे. वृक्षारोपण हें प्रायश्चित्त म्हणून आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्या पिढ्यांनीं पोटासाठीं रान तोडून नांगर धरला त्यांच्या वारसांनीं पडीक शेतांत झाडें लावावीं, शेजारच्या जुन्या रानांतील चार पाट्या माती मुळांशीं घालावी, आणि फळाची वाट पाहूं नये, यांत सर्व चांगलेंच आहे. त्यानें आपण भूमीशीं पुन्हां व्यवहार करण्यास योग्य होतों. परंतु उद्यां पाप करावयाचें म्हणून आज प्रायश्चित्ताचे पैसे भरून पावती घेणें, हें कोणत्या स्मृतींत बसतें? प्रतिपूरक वनीकरण या शब्दांतील ‘प्रतिपूरक’ हें विशेषणच आम्हांस खटकतें. वनीकरण चांगलें, तें कशाचेंहि प्रतिपूरण नव्हे.

कोणी म्हणेल, मग रस्ते, धरणें, खाणी बंद ठेवावयाच्या काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. कित्येकदां वन तोडावेंच लागेल, आणि गांवाला पाणी मिळत असेल तर तें तोडणें न्याय्यहि असेल. पण न्याय्य हानि ही हानिच असते, आणि तिला त्याच नांवानें वहींत लिहिलें पाहिजे. घरांतील वडील माणूस गेलें तर आपण शोक करतों. पुढें घरांत मूल जन्मलें तर आनंद करतों. पण दोन्ही माणसांचा एकच आंकडा लिहून बेरीज सारखी आली असें कोणी म्हणत नाहीं. सह्याद्रींतील देवराईंतून वाळकी काटकी किंवा पालापाचोळाहि उचलूं नये, असा नेम पुष्कळ गांवांत असे. तो नेम करणाऱ्यांस कवकांची वार्ता नव्हती. तथापि झाडें मोजून वन कळत नाहीं, हें त्यांस कळत होतें. आणि तोडीस परवानगी देणाऱ्या कागदावर त्या भूमीला किती पिढ्या नांगर लागला नाहीं हें विचारणारा एक रकाना असावा, ही आमची मागणी त्या नेमाहून फार पुढची नाहीं.

जातां जातां इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधनक्षेत्राविषयीं सांगितलें पाहिजे, कारण तेथें हा सर्व खटला माणसाच्या डोळ्यांदेखत चालला आहे. लॉझ व गिल्बर्ट यांनीं 1843 पासून गव्हाच्या खतांचे प्रयोग चालविले होते. 1882 सालीं ब्रॉडबॉक नांवाच्या त्या शेताचा एक कोंपरा त्यांनीं न कापतां तसाच सोडून दिला. चारपांच वर्षांत गहूं जवळजवळ नाहींसा झाला, गवतें आलीं, झुडुपें आलीं, मग झाडें. 1886 सालीं जवळच्या गीसक्रॉफ्ट शेताचा एक तुकडाहि असाच सोडला. दोन्हीं ठिकाणीं कोणीं कांहीं लावलें नाहीं. दोन्हींवर एकच आभाळ. पण ब्रॉडबॉकमध्यें जुन्या शेतकऱ्यांनीं कधीं काळीं खडूची माती ढिगांनीं घातली होती, गीसक्रॉफ्टमध्यें तशी घातली नव्हती. आज ब्रॉडबॉकच्या रानाची माती आम्ल नाहीं व तेथें ॲश आणि सिकमोर माजले आहेत. गीसक्रॉफ्टची माती आम्ल झाली, तेथें ओक आहे, आणि खालची जमीन बरीचशी उघडी आहे. खडू टाकणाऱ्यास रान नको होतें. त्याला गहूं हवा होता.

त्या क्षेत्राच्या भांडारांत 1843 पासूनचे मातीचे व धान्याचे नमुने बाटल्यांत व डब्यांत भरून ठेवले आहेत. त्यांची संख्या तीन लाखांवर गेली आहे. त्या सुकलेल्या मातींतील स्फुरद, कर्ब व आम्लता आजहि मोजतां येते, व दीडशें वर्षांपूर्वींच्या मातीशीं आजची माती ताडून पाहतां येते. बाटलींतील तंतूंना मात्र पुन्हां मूळ धरतां येत नाहीं. ब्रॉडबॉकच्या त्या सोडलेल्या कोंपऱ्याचे पुढें भाग पाडले. एका भागांत रान होऊं दिलें. दुसऱ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून दरवर्षीं माणसें जातात आणि उगवलेलीं झाडांचीं रोपें कुदळीनें खणून काढतात, म्हणजे तेथें गवतझुडूपच राहावें व ताडून पाहावयास कांहीं उरावें. तरी पुढच्या वर्षीं रोपें पुन्हां उगवलेलीं असतात.